पर्थच्या किनाऱ्यावर ॲबलोनी काढायची असेल, तर आधी परवाना

कोकणात वाढलेल्या माणसाला खडपावरची कालवं काढायला परवाना लागतो, हे ऐकूनच नवल वाटतं. पर्थमध्ये ॲबलोनीला तो लागतोच. ही खडकाला घट्ट चिकटून राहणारी, कानाच्या आकाराच्या कवचाची समुद्री गोगलगाय. किनाऱ्यालगत मिळते ती रो जातीची.

परवाना पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या मत्स्य खात्याकडून ऑनलाइन मिळतो. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि शुल्क, एवढ्यावर काम होतं. सवलतीचा दर हवा असेल तर पेन्शनर किंवा ज्येष्ठ नागरिक कार्ड लागतं. मुदत 12 महिने. मात्र तो ज्याचा त्याचा असतो: नवऱ्याच्या परवान्यावर बायकोला ॲबलोनी काढता येत नाही. जाताना तो फोनमध्ये तरी जवळ ठेवा, अधिकारी तिथेच तपासतात.

परवाना मिळाला म्हणजे कधीही जाता येतं, असा अनेकांचा समज असतो. मूर नदीच्या मुखापासून बसल्टन जेटीपर्यंतच्या पट्ट्यात डिसेंबर ते मार्च या काळात जेमतेम चार दिवस मिळतात, तेही सकाळी 7 ते 8. तारखा खातं दरवर्षी जाहीर करतं. माणशी 15 नग, कवचाची रुंदी किमान 60 मिलिमीटर. मूर नदीच्या उत्तरेला तर बंदीच आहे: 2011 च्या सागरी उष्णतेच्या लाटेत तिथली ॲबलोनी मोठ्या प्रमाणावर मेली.

कळकळीने सांगते, माप खडकावरच घ्या, उपटल्यावर नव्हे. ॲबलोनीचं रक्त गोठत नाही, त्यामुळे उपटताना जखम झालेली लहान ॲबलोनी परत सोडली तरी बहुधा जगत नाही. चुकून निघालीच, तर त्याच जागी ठेवून ती धरेपर्यंत हाताने दाबून ठेवा. मांस किनाऱ्यावर काढू नका, घरी न्या. विकायची तर अजिबात नाही. आणि लाटा मोठ्या असतील तर परवान्याचे पैसे गेले समजून घरी या. या एका तासाच्या घाईत माणसं बुडाली आहेत.

शेती करायची तर वाट वेगळी. ऑगस्टाजवळ फ्लिंडर्स बेमध्ये काँक्रीटच्या कृत्रिम खडकांवर हिरव्या ओठांची (ग्रीनलिप) जात वाढवतात. त्यासाठी 1994 च्या मत्स्यसंपदा कायद्याखाली मत्स्यशेतीचा परवाना लागतो. जागेवरचा हक्क, इतर खात्यांच्या मंजुऱ्या आणि अर्जदाराची योग्यता तपासली जाते, शिवाय पर्यावरणावर लक्ष ठेवण्याचा लेखी आराखडा अर्जाबरोबर द्यावा लागतो.