# च्या पलीकडचा पत्ता

नेरुळच्या आमच्या सोसायटीची वेबसाइट मी हौसेनं करून दिली. आठवडाभरात सेक्रेटरीकाकांचा फोन. “अहो, पाणीकपातीची सूचना मला दिसतेय. पण लिंक ग्रुपवर टाकली, तर सगळ्यांना 404!”

404 म्हणजे ‘असं पान नाही’. चूक माझीच होती. साइटचं खरं पान एकच. बाकीची पानं ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येणारा कोड, तिथल्या तिथे बदलते आणि वरच्या पट्टीत /सूचना/पाणी असा पत्ता लिहिते. काका मुखपृष्ठावरून टिचकी मारत आत गेले, तेव्हा सर्व्हरला, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकाला, कुणी काही विचारलंच नाही. इतरांनी थेट लिंक उघडली, तेव्हा ब्राउझर तो पत्ता घेऊन सर्व्हरकडे गेला आणि तिथे त्या नावाची फाइल नव्हती.

आता दोन वाटा. एक म्हणजे पत्त्यात # घालायचा: /#/सूचना/पाणी. पत्त्यातला # आणि त्यापुढचा मजकूर ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. कुरियरवाल्याला फक्त ‘नेरुळ, सेक्टर अमुक, प्लॉट तमुक’ सांगायचं आणि फ्लॅट नंबर आपल्याच खिशात ठेवायचा, तसं. सर्व्हर दरवेळी मुखपृष्ठ देतो, पुढचं ब्राउझर बघतो. सर्व्हरची सेटिंग्ज आपल्या हातात नसतील तर हे सोयीचं.

दुसरी वाट साध्या पत्त्याची. त्यासाठी सर्व्हरला सांगून ठेवायचं, की मागितलेली फाइल सापडली नाही तर मुखपृष्ठ दे. यात एक गोम आहे. कुणी /सूचनाा असं चुकून टाइप केलं तरी सर्व्हर 200, म्हणजे ‘सगळं ठीक’, असंच उत्तर देतो. ‘असं पान नाही’ हे मग आपल्या कोडनंच सांगायचं.

नियमांचा क्रमही बघावा लागतो. कोणत्या पत्त्याला कोणतं पान, हे ठरवणारा साइटमधला कोड म्हणजे राउटर. बरेच राउटर नियमांची यादी वरून खाली वाचतात आणि पहिला जुळणारा नियम उचलतात. मी ‘/सूचना/कुठलाही क्रमांक’ वर आणि ‘/सूचना/नवीन’ खाली लिहिलं होतं. परिणाम असा की ‘नवीन’ नावाच्या क्रमांकाची सूचना साइट बिचारी शोधत बसायची.

मराठी पत्त्यांचा हट्टही माझाच. लिंक कॉपी केली, की नुसत्या ‘पाणी’चे टक्क्यांच्या चिन्हांसकट 36 वर्ण होतात: प, काना, ण, वेलांटी हे चार घटक, प्रत्येकी तीन बाइट आणि दर बाइटला तीन वर्ण (% आणि पुढे दोन अंक-अक्षरं). काकांना तो व्हायरस वाटला.

फोन आला त्या रात्री मी घाईत # घातला. महिन्याभरानं साध्या पत्त्यावर आलो, तेव्हा त्याची किंमत कळली. जुन्या साध्या पत्त्यांना सर्व्हर 301, म्हणजे ‘पत्ता कायमचा बदलला’, असं सांगून नव्या जागी पाठवू शकतो. # नंतरचं मात्र त्याला दिसतच नाही, तर पाठवणार काय? म्हणून मुखपृष्ठावर चार ओळींचा कोड आजही बसून आहे. तो # पुढचं वाचतो आणि माणसाला योग्य पानावर नेतो. काढायचा म्हटलं, तर काका अजून गेल्या वर्षीचीच लिंक फॉरवर्ड करतात.