पेओला: गुन्हा पैसे घेण्यात नाही, लपवण्यात

‘रेडिओवर पैसे घेऊन गाणी वाजवली म्हणून अमेरिकेत रेडिओ निवेदक अ‍ॅलन फ्रीडला तुरुंगात टाकलं’, हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे.

१९५९ साली हे प्रकरण गाजलं, तेव्हा पेओलाविरुद्ध, म्हणजे गाणं वाजवण्यासाठी निवेदकाला दिल्या जाणाऱ्या लाचेविरुद्ध, थेट केंद्रीय कायदाच नव्हता. फ्रीडवर खटला चालला तो न्यूयॉर्क राज्याच्या व्यापारी लाचखोरीच्या कायद्याखाली. १९६२ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, ३०० डॉलर दंड झाला आणि कैदेची शिक्षा स्थगित राहिली. नोकरी आधीच गेली होती. १९६५ मध्ये तो वारला.

१९६० ची केंद्रीय कायदादुरुस्तीही नीट वाचायला हवी. पैसे घेऊन गाणं वाजवायला तिने बंदी घातली नाही. पैसे घेतलेत हे श्रोत्यांना सांगा, एवढंच तिचं म्हणणं. न सांगितल्यास १० हजार डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद.

आणि लाच म्हणजे नोटांचं पाकीटच असतं असं नाही. रॉक अँड रोल गायक चक बेरीच्या १९५५ मधल्या पहिल्याच गाजलेल्या रेकॉर्डवर गीतकार म्हणून बेरीसोबत फ्रीडचंही नाव छापलेलं होतं! गाणं जितकं वाजेल तितका मानधनाचा वाटा त्यालाही. एका कृष्णवर्णीय कलावंताला स्वतःच्याच गाण्याचे पूर्ण हक्क परत मिळायला १९८६ उजाडावं लागलं. मला पाकिटापेक्षा ही चोरी कितीतरी मोठी वाटते, कारण पाकीट एकदाच दिलं जातं.