इतिहास आणि परभाषा: जोडअभ्यास (सोलापूर)

इतिहास हा मुख्य विषय घ्यायचा आणि त्याच्या जोडीला, त्या इतिहासाची मूळ साधने ज्या भाषेत आहेत ती परकी भाषा विद्यापीठीय पातळीवर शिकायची, हा इतिहास-परभाषा जोडअभ्यास. इथे भाषा केवळ बोलण्यापुरती शिकायची नसते. जुने पत्र, फर्मान, प्रवासवर्णन, वखारीची नोंदवही दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबून न राहता स्वतः वाचता यावी, हा हेतू असतो. ब्रिटनमधील ऑक्सफर्डसारख्या विद्यापीठांत ‘इतिहास आणि आधुनिक भाषा’ अशी चार वर्षांची एकत्र पदवी आहे. त्यात एक वर्ष बहुधा ती भाषा बोलणाऱ्या देशात काढावे लागते. जर्मनीतही दोन विषयांची जोडपदवी रुळलेली आहे. आपल्याकडे असा अभ्यास बहुतेकदा विद्यार्थ्याला स्वतःच जुळवून आणावा लागतो.

सोलापुरात या अभ्यासाची गरज कोणाला वेगळी पटवून द्यावी लागत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा इथल्या पेठांतून रोज कानावर पडतात. भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडलचा शके ९४० (इ.स. १०१८) चा शिलालेख मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जातो. ‘वाछि तो विजेया होईवा’, म्हणजे जो वाचील तो विजयी होईल, असे त्यावर कोरले आहे. मध्ययुगाकडे वळले की मात्र मराठी पुरत नाही. सोलापूरचा भुईकोट बहमनी काळातला. पुढे तो विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्यातले कायमचे भांडण होऊन बसला. १५२४ मध्ये आदिलशाही घराण्यातील बीबी मरियमचा विवाह बुऱ्हाण निजामशाहाशी झाला, तेव्हा हा किल्ला हुंड्यात द्यायचे ठरले. तो दिला गेला नाही, आणि त्यावरून लढाया पेटल्या. पुढे चांदबीबी अली आदिलशाहाला दिली गेली तेव्हा तोच किल्ला हुंडा म्हणून विजापूरकडे आला. हा सगळा वृत्तान्त सांगणारा फरिश्ता विजापूरच्या दरबारात बसून फारसीत लिहीत होता. त्याचे जॉन ब्रिग्जने १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेले इंग्रजी भाषांतर आजही सर्रास वापरले जाते. पण भाषांतर म्हणजे भाषांतरकाराने केलेली निवड. सोलापूरच्या किल्ल्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने तेवढ्यावर थांबणे बरोबर नाही.

म्हणून इथल्या विद्यार्थ्याने पहिली भाषा फारसी घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलामुलींना लिपी आधीच येते. ही फार मोठी शिदोरी आहे आणि ती बहुधा वाया जाते. मराठी माध्यमातल्यांनाही फारसी वाटते तितकी परकी नाही. सोलापुरी चादरीतली ‘चादर’ फारसी, फौजदार चावडीतला ‘फौजदार’ही फारसीच. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा फारसी-मराठी कोश १९२५ चा; ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणली. छापील फारसी वर्ष-दीड वर्षात वाचता येऊ लागते. दप्तरातली शिकस्ता, म्हणजे घाईने मोडून लिहिलेली अक्षरे, हे मात्र कित्येक वर्षांचे काम आहे.

परभाषा हाताशी असली की काय होते, याचा एक छोटा नमुना पाहू. शिवकाळातील मोडी पत्राच्या माथ्यावर तारखेच्या जागी ‘खमस सबैन व अलफ’ असे शब्द असतात. नवखा विद्यार्थी तिथे अडतो. हे अरबी अंक आहेत: खमस पाच, सबैन सत्तर, अलफ हजार, मिळून १०७५. हे शुहूर सन, म्हणजे त्या काळच्या दख्खनी कागदपत्रांतली वर्षगणना, आणि ते मृग लागताना बदलते, म्हणूनच त्याला मृगसाल म्हणतात. त्यात ५९९ मिळवले की १६७४ येते. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत हाच आकडा, पुढे जानेवारीपासून ६०० मिळवायचे. म्हणजे हे पत्र राज्याभिषेकाच्या वर्षातले. अरबीतले वीस-पंचवीस शब्द पाठ केले की शेकडो पत्रांच्या तारखा उलगडतात, आणि तारीख चुकली तर घटनांचा क्रमच उलटा लागतो.

युरोपीय भाषांत पोर्तुगीज आधी येते. पणजीच्या दप्तरखान्यातील कागदांवर पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य वेचले, आणि मराठ्यांच्या इतिहासाला एक नवी बाजू मिळाली. कॉस्मी द गार्दाचे पोर्तुगीज शिवचरित्र १७३० मध्ये लिस्बनला छापले गेले. वेंगुर्ल्याच्या वखारीमुळे डच, बर्निये आणि अॅबे कॅरे या प्रवाशांच्या वर्णनांमुळे फ्रेंच उपयोगी पडते. १६९५ मध्ये गलगलीच्या छावणीत औरंगजेबाला भेटलेला जेमेली कारेरी इटालियन होता. त्याच सुमारास बादशाही छावणी आपल्या मंगळवेढे तालुक्यातील माचणूर-ब्रह्मपुरीला येऊन बसली. बहमनी राज्यात फिरून गेलेला अफनासी निकितिन रशियन. यांतली एकच निवडावी आणि नीट करावी. तीन भाषांची प्राथमिक प्रमाणपत्रे जमवून एकही दस्तऐवज वाचता येत नाही, असे अनेकदा घडते.

आधुनिक काळाच्या अभ्यासकासाठी सोलापूरचे नाते थेट चिनीशी जडलेले आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, चिनी बोलायला-लिहायला शिकले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. पथकातील डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर घेतले. कोटणीस ‘के दीहुआ’ झाले. त्यांच्या मुलाचे नाव यिन्हुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्यांच्या कार्याबद्दल चीनमध्ये चिनी भाषेत जे लिहिले गेले, ते समजून घेणारा अभ्यासक त्यांच्याच गावातून तयार व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

सोयीचा भाग थोडक्यात. दयानंद (१९४०), संगमेश्वर (१९५३) ही शहरातील जुनी महाविद्यालये. एका जिल्ह्यापुरते असलेले सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले आणि २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिरवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील मुख्य विषय आणि गौण विषय या रचनेत इतिहासाला भाषेची जोड देता येते, मात्र कोणती भाषा मिळेल हे त्या-त्या महाविद्यालयावर अवलंबून असते. फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी यांसाठी पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ, दोन्ही सोलापूरहून थेट रेल्वेच्या टप्प्यात आहेत. भाषेची सुरुवात पहिल्याच वर्षी करावी. एम.ए.ला प्रबंधाचा विषय ठरल्यावर वर्णमाला गिरवायला बसणाऱ्याला शेवटी भाषांतरावरच भागवावे लागते. मोडीही याच काळात, सुट्टीच्या वर्गात करून घ्यावी. फारसी कागदाच्या पाठीवर मोडी शेरा असतो आणि तो वाचल्याखेरीज कागद पुरा होत नाही.