पाणी निवळलं, पण शिंपला जेवला का?

पाळलेल्या शिंपल्यांना खाद्य घालायची गरजच नसते. निदान ते अंगठ्याच्या नखाएवढे झाल्यावर तरी. भरती-ओहोटीच्या वाळूत पुरलेली तिसरी (खाल्ला जाणारा एक शिंपला) दोन नळ्या वर काढते, एकीने पाणी आत ओढते, कल्ल्यांवर त्यातलं सूक्ष्म शैवाल अडवते आणि गाळलेलं पाणी दुसरीतून बाहेर सोडते. जेवण समुद्र पुरवतो. कोंबडी किंवा कोळंबी पाळणाऱ्याला हे सुख नाही.

खरी पंचाईत त्याआधीची. हॅचरीत, म्हणजे शिंपल्यांचं बीज तयार करणाऱ्या केंद्रात, अंड्यातून निघालेली अळी दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते, मग तळाला बसते, आणि त्या इवल्या बीजाला वाळूत सोडण्याजोगं होईपर्यंत टाक्यांतच पोसावं लागतं. अंडी देणारे मोठे शिंपलेही तिथेच खाऊन तयार होतात. या सगळ्यांना जिवंत शैवाल लागतं. ते वाढवायला निर्जंतुक पाणी, प्रकाश, माणसं हवीत, आणि एवढं करूनही भरलेली टाकी एका रात्रीत बिघडू शकते. हॅचरीच्या खर्चाचा मोठा वाटा यातच जातो. म्हणून तयार खाद्याचा शोध गेली कित्येक दशकं चालू आहे.

पौष्टिक भुकटी बनवणं अवघड नाही. अवघड आहे ती शिंपल्याच्या आत पोचवणं. अळीला साधारण 10 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहानच कण गिळता येतो. मोठ्या शिंपल्याच्या कल्ल्यांतून उलट फार बारीक कण निसटतात. 4-5 मायक्रॉनच्या वरचे मात्र बहुतेक सगळे अडकतात. म्हणजे प्रत्येक कण एका शैवालपेशीएवढा हवा. तो तरंगत राहायला हवा, दुसऱ्याला चिकटायला नको. आतली प्रथिनं पाण्यात विरघळली तर शिंपला उपाशी आणि जिवाणूंची चंगळ. त्यात व्हिब्रिओ हा रोगकारक जिवाणू माजला तर टाकीतल्या सगळ्या अळ्या मरू शकतात.

कण अडकला तरी तो पोटात जाईलच असं नाही. तोंडापाशी पातळ पडद्यांच्या दोन जोड्या असतात. त्या निवड करतात. नको असलेले किंवा जास्तीचे कण श्लेष्म्यात गुंडाळून पचनमार्गात न जाताच बाहेर टाकले जातात. याला आभासी विष्ठा म्हणतात. टाकीतलं पाणी नितळ दिसतं, खाद्य संपलं असं वाटतं, आणि ते असतं तळाशी, बुळबुळीत धाग्यांत. माझ्या मते खाद्याच्या चाचण्यांत सर्वांत सहज फसवणारी गोष्ट हीच.

पोटातली व्यवस्था तर विलक्षण आहे. तिथे जेलीसारखी पारदर्शक कांडी असते, स्फटिकशलाका. सूक्ष्म केसांच्या हालचालीने ती रवीसारखी गरगर फिरते, अन्न घुसळते आणि टोकाशी झिजत जाते. झिजताना तिच्यातली विकरं (एन्झाइम) मोकळी होतात, मुख्यतः स्टार्च आणि तत्सम कर्बोदकं फोडणारी. मागच्या बाजूने ती पुन्हा तयार होत राहते. शिंपला बराच काळ मिटून किंवा उपाशी राहिला तर कांडी विरघळू शकते. खाणं सुरू झालं की परत येते. घुसळलेले बारीक कण पाचक ग्रंथीत जातात आणि तिथल्या पेशी ते चक्क गिळतात. पचनाचा मोठा भाग असा पेशींच्या आत होतो.

दात नाहीत, पोटातलं आम्ल बेताचं. त्यामुळे कणाचं कवच जाड असेल तर सगळंच अडतं. क्लोरेला या शैवालाच्या टणक भिंतीच्या कितीतरी पेशी शिंपल्यातून न पचताच बाहेर पडतात. यीस्ट स्वस्त, आकारानेही योग्य, पण त्याच्या भिंतीचा बाहेरचा थर पचत नाही. रासायनिक प्रक्रियेने तो थर सैल केल्यावर यीस्ट शैवालाची काही जागा घेऊ शकलं. काही जागा, पूर्ण नाही, कारण यीस्टमध्ये डीएचए आणि ईपीए ही लांब साखळीची ओमेगा-3 मेदाम्लं नसतात, आणि शिंपल्याला ती स्वतः फारशी बनवता येत नाहीत. ड्युनालिएला हे शैवालही याच कारणाने एकटं कमी पडतं. म्हणून हॅचरीत डीएचए असलेलं आयसोक्रायसिस हे शैवाल आणि ईपीए असलेलं कीटोसेरोससारखं डायटम (सिलिकाच्या कवचाचं शैवाल) मिसळून देतात.

सध्या सर्वांत भरवशाचा पर्याय शैवालाचाच आहे: पेशी न फोडता दाट करून थंड ठेवलेला लगदा. डीएचएसाठी अंधारात साखरेवर वाढवलेल्या स्किझोकायट्रियम या सूक्ष्मजीवाची भुकटी, स्टार्चचे कण, तेलाचे सूक्ष्म थेंब यांचे प्रयोग झाले आहेत. मोठ्या समुद्री शैवालाचे विकरांनी सुट्या पेशींएवढे तुकडे करून ते आंबवण्याचा प्रयत्न मला अधिक आशादायक वाटतो, कारण त्यात भिंत फोडण्याचं काम टाकीबाहेरच उरकतं.

कोणतंही नवं खाद्य तपासताना त्यात कार्बन किंवा नायट्रोजनचे जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे थोडे जास्त वजनाचे अणू) घालून ते शिंपल्याच्या मांसात उतरले का, हे पाहता येतं. ती सोय नसेल तर मांस सुकवून वजन करावं. नुसती शिंपीची लांबी मोजू नये; मांस रोडावलेलं असतानाही ती थोडीफार वाढू शकते.