सेफ-डेनकोडर आणि त्या ६ बाइट्सची पार्श्वभूमी

सेफ (Ceph) म्हणजे अनेक सर्व्हरच्या क्लस्टरवर डेटा ऑब्जेक्टच्या रूपात साठवणारी स्टोरेज प्रणाली, आणि सेफ-डेनकोडर हे तिचे साठवलेले बाइट्स उलगडून दाखवणारं टूल. त्याच्याशी बहुतेकांची पहिली गाठ पडते ती क्लस्टर अडकल्यावरच. एखादा ऑब्जेक्ट इनकन्सिस्टंट दिसतो (म्हणजे त्याच्या प्रती जुळत नाहीत), कोणीतरी सांगतं की त्याचं अट्रिब्यूट, म्हणजे सोबत साठवलेली माहिती, एका फाईलमध्ये काढून घे, मग टाईप ऑब्जेक्ट_इन्फो_टी, इम्पोर्ट, डिकोड, डम्प_जेसन असं एका ओळीत दे, आणि जे बाइट्स डोळ्यांना निव्वळ कचरा वाटत होते त्यातनं साइज, व्हर्जन सगळं नीट उलगडून समोर येतं. त्यामुळे हे दुरुस्तीचं हत्यार आहे असा समज झालाय. डीबगिंगला ते लागतंच, पण त्याचा खरा जीव टेस्टिंगमध्ये आहे: एका व्हर्जननं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येतं का, हे तपासणं.

सेफचा रिसर्च पेपर २००६ चा, लिनक्समधनं सेफ वापरू देणारा कर्नल क्लायंट २०१० साली लिनक्स २.६.३४ मध्ये गेला. तोवर कोड झपाट्याने बदलत होता आणि स्ट्रक्चर (फील्डांचा एक गठ्ठा) डिस्कवर लिहिताना पुढे फार तर व्हर्जनचा एक बाइट असायचा. नव्या कोडला जुना डेटा वाचायला तेवढं पुरतं. उलट बाजूने मात्र पंचाईत व्हायची, कारण जुन्या कोडला नवं स्ट्रक्चर मिळालं की ते संपतं कुठे हेच कळायचं नाही, आणि तिथनं पुढचं सगळं वाचन घसरायचं.

२०११-१२ च्या आसपास स्ट्रक्चर लिहिताना सुरुवातीला लावायचं एनकोड_स्टार्ट आलं आणि डेनकोडरही त्याच काळातलं. आता सुरुवातीला ६ बाइट्सचं हेडर: १ स्ट्रक्ट_व्ही, १ स्ट्रक्ट_कम्पॅट, ४ लांबीचे. हेक्सडम्पमध्ये (बाइट्स १६ च्या पायात दाखवतात तिथे) ०२ ०१ १सी ०० ०० ०० दिसलं तर व्हर्जन २, कम्पॅट १, पुढे २८ बाइट्सचा ऐवज.

यातला कम्पॅट हा आकडा जाणती माणसंसुद्धा उलटा वाचतात. त्यांना वाटतं, किती जुना डेटा चालेल ते इथे लिहिलंय. तसं नाहीये. हा आकडा डेटाबद्दल नाही, वाचणाऱ्या कोडबद्दल आहे. समजा व्हर्जन ५ आणि कम्पॅट ३. म्हणजे ज्या कोडला ३ पर्यंतचं कळतं त्याने बिनधास्त वाचावं, शेवटचं जे कळत नाही ते लांबी बघून सोडून द्यावं. ज्याला २ पर्यंतच कळतं त्याने एरर देऊन थांबावं. जुना डेटा सांभाळायचं काम स्ट्रक्ट_व्हीचं, ते डिकोडच्या आत इफ लावून होतं. रोलिंग अपग्रेडमध्ये, म्हणजे क्लस्टर चालू ठेवून थोडं थोडं अपग्रेड करताना, अर्धे ओएसडी (डिस्क सांभाळणारे प्रोग्राम) नवे, अर्धे जुने आणि सगळे एकमेकांशी बोलतायत, तेव्हा हा आकडा नसता तर काय झालं असतं याचा विचार केला तरी पोटात गोळा येतो. नवं फील्ड नेहमी शेवटीच घालायचं हा नियमही इथूनच आला.

एवढ्याशा स्ट्रक्चरला ६ बाइट्सचा बोजा कशाला, हा आक्षेप खोटा नाही, लाखो ऑब्जेक्ट असले की जागा जातेच. पण माझ्या मते निर्णय बरोबर होता. पुढे वेगासाठी डेन्क नावाने एनकोडिंग नव्याने लिहिलं तेव्हाही हे हेडर तसंच ठेवलं.

नियम पाळला जातोय का हे बघायला ऑब्जेक्ट कॉर्पस आहे, म्हणजे वेगवेगळ्या व्हर्जननी खरोखर लिहिलेल्या बाइट्सचा साठा. डेनकोडर त्यातली फाईल डिकोड करून जेसन (वाचता येईल असा मजकूर) काढतो, मग तीच डिकोड, एनकोड, परत डिकोड करून दुसरं जेसन, आणि दोन्ही जुळवून बघतात. कुठे मुद्दाम सुसंगती मोडली असेल तर कॉर्पसमध्येच त्या टाईपची फॉरवर्ड_इनकम्पॅट म्हणून नोंद करावी लागते.

ऑब्जेक्ट साध्या फाईल म्हणून ठेवणाऱ्या फाइलस्टोअरच्या जमान्यात अट्रिब्यूट थेट फाईलवरून काढता यायचं. २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीपासून थेट डिस्कवर लिहिणारं ब्लूस्टोअर डिफॉल्ट झालं, आता आधी ओएसडी थांबवून ऑब्जेक्टस्टोअर-टूलच्या गेट-अट्रने ते बाहेर काढायचं आणि मग डेनकोडरला द्यायचं. एमडीएसचं (फाईलसिस्टमचा मेटाडेटा सांभाळणाऱ्या सर्व्हरचं) स्नॅपटेबल, म्हणजे स्नॅपशॉटची नोंद, वाचताना स्किप ८ विसरू नका, सुरुवातीला टेबलचा ८ बाइट्सचा व्हर्जन नंबर असतो आणि तो सोडला नाही तर डिकोड फसतं.

हेडर सगळ्यांना मिळालं नाही हेही खरं. वेळ साठवणारं यूटाईम_टी बिनहेडरचंच लिहिलं जातं, ४ बाइट्स सेकंद, ४ बाइट्स नॅनोसेकंद, आणि ते इतक्या स्ट्रक्चरच्या पोटात बसलंय की तिथे आता एक बाइटही वाढवायला जागा नाही.