वसुली एजंटांचा छळ: तक्रार कुठे करायची, मोफत वकील कोणाला मिळतो आणि कागद कोणते लागतात

कर्जाचा हप्ता थकणं हा दिवाणी व्यवहार आहे. "वॉरंट निघालंय, संध्याकाळी पोलीस घेऊन येतो" असं फोनवर कोणी दरडावलं, तर ती बहुतेक वेळा नुसती धमकी असते. मात्र चेक किंवा ऑटो-डेबिट वटलं नाही तर खटला होऊ शकतो. त्यामुळे कोर्टाचं खरं समन्स आलं तर ते घ्या आणि तारखेला हजर राहा. आणखी एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करू: छळाची तक्रार केल्याने कर्ज माफ होत नाही. थांबतो तो फक्त छळ.

एजंटाला मुभा तरी किती? रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकीत हप्त्यासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जाला ही वेळ आणखी आखूड, ९ ते ६ अशी आहे. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, सतत फोन, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास देणं, सोशल मीडियावर बदनामी या सगळ्याला मनाई आहे. दारात आलेल्या एजंटाकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असलंच पाहिजे. ते मागा. पुष्कळ जण तिथूनच काढता पाय घेतात.

आधी कर्ज देणाऱ्यालाच लेखी कळवा

हे पाऊल लोकांना फुकटचं वाटतं. "ज्यांनी गुंड पाठवले त्यांनाच काय लिहायचं?" पण पुढची निम्मी दारं या कागदावरच्या तारखेने उघडतात. बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, नाहीतर शाखेत अर्ज देऊन पोच घ्या. कर्ज खाते क्रमांक, फोन कोणत्या नंबरवरून आणि किती वाजता आले, काय बोलले, घरी कोण आलं, एवढं तारीखवार लिहा. "फार त्रास देतात" या वाक्याचा तक्रारीत काही उपयोग नाही, "१२ तारखेला रात्री ९.४० ला फोन, आईला शिवी" याचा आहे.

पुरावा म्हणून कॉल लॉगचे आणि मेसेजचे स्क्रीनशॉट, कॉल रेकॉर्डिंग, सोसायटीतलं सीसीटीव्ही चित्रण, शेजाऱ्याची साक्ष, काहीही चालेल. रेकॉर्डिंग ज्या फोनमध्ये आहे तो विकू किंवा फॉरमॅट करू नका. कोर्टात गेल्यास अशा डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि तेव्हा मूळ फोन आठवतो.

३० दिवस झाले की लोकपाल

तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँका आणि फायनान्स कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. अर्ज रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर भरता येतो, फी नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. आधीच्या तक्रारीची प्रत आणि पोच, बँकेचं उत्तर आलं असल्यास ते, कर्जाचे कागद आणि पुरावे जोडा. दिवस ढकलत बसू नका, या तक्रारीलाही मुदत असते. लोकपालाच्या २०२१ च्या योजनेत मानसिक त्रास आणि छळासाठी १ लाख रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद केली गेली.

इथे एक गंमत आहे: तुमच्या वतीने वकील ही तक्रार दाखल करू शकत नाही. म्हणून "लोकपालाचं काम करून देतो" म्हणत पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. दुसरं, त्याच विषयावर कोर्टात दावा आधीच चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही. पोलीस तपासाची मात्र आडकाठी नाही.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर हा मार्ग नाही. सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात जा. खासगी सावकाराचं असेल तरी तिथेच, महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली. परवाना नसलेला सावकार असेल तर उलट त्याच्यावरच गुन्हा होतो.

मोफत वकील

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये पात्रता दिली आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडीतल्या व्यक्ती उत्पन्न कितीही असलं तरी पात्र आहेत. नवरा कमावता असला तरी बाईला वकील मिळतो. हे अनेकींना माहीतच नसतं. बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे, महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपयांच्या आत.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात समिती असते. फोनवर विचारायचं तर १५१००. साध्या अर्जासोबत ओळखपत्र, लागू असल्यास जातीचा किंवा अपंगत्वाचा दाखला, नाहीतर उत्पन्नाचा पुरावा द्या. तहसीलदाराचा दाखला हाताशी नसेल तर उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्रही पुरेसं मानता येतं. लिहिता येत नसेल तर तिथले कर्मचारी अर्ज लिहून घेतात.

पोलीस

मारहाण, घरात घुसणं, जिवाची धमकी असेल तर ३० दिवसांची वाट पाहायची नाही, थेट ठाण्यात जा. फौजदारी धाकदपटशासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ आहे. "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर चालत नाही, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. तरी घेतला नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. या टप्प्यावर तो मोफत वकील उपयोगी पडतो. लोन ॲपवाल्यांनी फोटोत छेडछाड करून ओळखीच्यांना पाठवला असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका, आणि पैसे उकळले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

या सगळ्यात लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका. तो तडजोडीचा निरोप असतो. जरूर जा, पण रक्कम आणि हप्ते नीट वाचल्याशिवाय सही करू नका. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.