वावेल कॅथेड्रलच्या टूरला येताय? आधी हे वाचा, तिकिटाचं नंतर बघू

नमस्कार मंडळी. बुकिंग केलंत, आभार. हे माहितीपत्रक आम्ही सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, निम्मे लोक उघडत नाहीत, आणि मग टूरच्या दिवशी सकाळी दहाला पाच कमी असताना फोन येतो, "अहो आम्ही तिकीट काढून आत उभे आहोत, तुम्ही कुठाय?" आत म्हणजे कुठे, तर राजवाड्याच्या चौकात. आणि आम्ही इकडे कॅथेड्रलच्या दारात, बाकीच्या पाच जणांना घेऊन, थंडीत.

तर पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वावेल ही पोलंडमधल्या क्राकुफ शहरातली एक टेकडी आहे, खाली व्हिस्तुला नदी, वर एकाच तटबंदीत राजवाडा आणि कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च. पण घरं दोन आणि मालकही दोन. राजवाडा म्हणजे सरकारी म्युझियम, कॅथेड्रल चर्चच्या ताब्यात. तिकीट खिडक्या वेगळ्या, वेळा वेगळ्या. कोल्हापूरकरांना हे लगेच कळतं, नव्या राजवाड्यातल्या म्युझियमचं तिकीट दाखवलं म्हणून अंबाबाईच्या रांगेत कुणी पुढे सोडत नाही, तसंच. नेटवर "वावेल तिकीट" म्हणून शोधलं की बहुतेक वेळा राजवाडाच वर येतो, लोक घाईघाईत पेमेंट करून टाकतात, आणि त्यातही राजवाड्यात दालनांची वेगवेगळी तिकिटं असतात, खजिन्याचं वेगळं, दरबारी खोल्यांचं वेगळं, त्यावर वेळ छापलेली. मागच्या उन्हाळ्यात चौघांच्या एका कुटुंबाने नेमकी आमच्याच टूरच्या वेळेची दरबारी खोल्यांची तिकिटं घेतली होती. ती सोडवत नव्हती, टूरही सोडवत नव्हती. शेवटी चाळीस मिनिटं गेली, त्यांचीही आणि बाकीच्यांचीही, आणि घंटेचा मनोरा घाईत उरकावा लागला.

म्हणून प्लीज, तिकीट काढू नका. कॅथेड्रलचं तिकीट आमच्या फीमध्ये धरलेलं आहे, खिडकी कॅथेड्रलच्या दारासमोरच आहे, ते आम्ही काढतो. यात आम्हाला कमिशन मिळतं असं एकाने रिव्ह्यूमध्ये लिहिलंय. नाही मिळत. आम्ही काढतो कारण मग सगळ्यांची तिकिटं एका हातात राहतात आणि कोणी मागे राहत नाही, एवढंच. राजवाडाही बघायचा असेल तर जरूर बघा, पण तो दुपारी ठेवा किंवा दुसऱ्या दिवशी, आणि आधी सांगितलंत तर आम्हीच लावून देऊ.

आता भेटायची जागा. पोलंडचा स्वातंत्र्यसेनानी कोश्चुश्को याचा घोड्यावर बसलेला पुतळा, कानोनिचा गल्लीकडून वर येणाऱ्या चढाच्या टोकाला. ड्रॅगन नाही!! आग ओकणारा ड्रॅगनचा पुतळा टेकडीच्या पायथ्याशी नदीकाठी आहे, मुलांना तो आवडतो, लोक तिथे फोटो काढत बसतात आणि मग म्हणतात इथल्या गुहेतून वर येतो. येता येत नाही. गुहेची वाट वरून खाली उतरायची आहे, बाहेर पडायचं दार खाली, पुतळ्याजवळ. म्हणजे तुम्हाला अख्ख्या टेकडीला वळसा घालून चढ चढावा लागतो. ड्रॅगन टूर संपल्यावर करा, मुलंही खूश आणि आम्हीही. आणि त्या चढावर भिंतीकडे बघत या, विटांवर नावं कोरलेली दिसतील. शंभर वर्षांपूर्वी वाड्याच्या दुरुस्तीसाठी ज्यांनी वर्गणी दिली त्यांची ती नावं, आपल्याकडे देवळाच्या फरशीवर असतात ना, अगदी तशी.

रविवारी सकाळची टूर का नाही, हे दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. कारण हे चालतं चर्च आहे, रविवारी सकाळी प्रार्थना असते आणि पर्यटकांना दुपारनंतरच सोडतात. आणि ज्यांचा प्लॅन सकाळी वावेल, दुपारी मिठाची खाण आणि संध्याकाळी प्रागची बस असा आहे त्यांनी आम्हाला फोन करा, पैसे भरण्याआधी.

आठच माणसं का? मोठ्या बसवाल्या टूर चाळीस जणांना नेतात आणि स्वस्तात नेतात, मान्य. पण आत गेल्यावर कळेल. इथे राजांची थडगी मधल्या दालनाच्या कडेने आहेत, भोवताली एकाला एक लागून छोटी छोटी चॅपेल, म्हणजे प्रार्थनेच्या खोल्या, आणि बऱ्याच ठिकाणी जाळीच्या दारातून वाकून बघावं लागतं. आठ माणसं एका दारापाशी मावतात. नववा मागे उभा राहून मोबाइल बघायला लागतो, हा आमचा अनुभव आहे, म्हणून आठ.

आत काय बघणार ते थोडक्यात सांगतो, सगळं इथेच सांगितलं तर तिकडे काय सांगू. सध्याची इमारत १३२० ते १३६४ मधली, त्याआधी याच जागी दोन होऊन गेल्या. १३२० सालीच इथे व्वादिस्वाफ वोकिएतेकचा राज्याभिषेक झाला, वोकिएतेक म्हणजे कोपराएवढा, राजा बुटका होता म्हणून हे नाव पडलं असं म्हणतात. तेव्हापासून १७३४ पर्यंत पोलंडचे जवळपास सगळे राजे इथेच अभिषिक्त झाले, राजधानी वॉर्सॉला गेली तरी मुकुट घालायला इकडेच यायचं आणि मेल्यावर पुरायलाही इकडेच. दारापाशी साखळीला मोठमोठी हाडं टांगलेली दिसतील, लोक म्हणतात ड्रॅगनची, आहेत मॅमथ, व्हेल वगैरेंची. ती पडली की जगबुडी होणार अशी समजूत आहे, तेव्हा त्याखाली फार वेळ उभं राहू नका (गंमत करतोय).

राजा झिगमुंटच्या चॅपेलचा सोनेरी घुमट सगळ्यांच्या फोटोत असतो. १५१९ ते १५३३ या काळात फ्लॉरेन्सहून आलेल्या बार्तोलोमेओ बेरेच्चीने तो बांधला. पण आमचं म्हणणं, आत जाण्याआधी बाहेरून त्याच्या शेजारचं चॅपेल बघा. बाहेरून जुळं भावंड, फक्त सोनं नाही. ते वासा या राजघराण्याने शे-दीडशे वर्षांनी पहिल्याची नक्कल करून बांधलं. एकदा दोन्ही शेजारी शेजारी बघितली की पुढचं सगळं आपोआप कळायला लागतं, कोण कोणाशी बरोबरी करत होतं ते.

पण मला विचाराल तर एकच वस्तू बघायला या, राणी यादविगाची. दहा-अकरा वर्षांची असताना १३८४ साली तिला अभिषेक झाला, तोही राणी म्हणून नाही तर "राजा" म्हणून, कागदोपत्री तसंच आहे. १३९९ मध्ये बाळंतपणानंतर गेली, पंचविशी गाठली जेमतेम. आपले दागिने तिने इथल्या विद्यापीठासाठी ठेवले, १३६४ साली सुरू होऊन मरगळलेलं विद्यापीठ त्या पैशावर १४०० साली पुन्हा उभं राहिलं. तिचं पांढऱ्या संगमरवराचं थडगं सुंदर आहे, पण ते विसाव्या शतकातलं. त्याच्याजवळ काचेत बघा. थडग्यात तिच्यासोबत पुरलेला राजदंड आणि राजाच्या हातात असतो तो राजचिन्हाचा गोल आहे. लाकडाचा. सोनं-रत्नं काही नाही, कोणा खेळण्यातल्यासारखा दिसतो. आठ जणांच्या ग्रुपमध्ये इथे हमखास शांतता होते, आणि दर वेळी एखादी काकू पुन्हा एकदा मागे फिरून बघून येते.

मग घंटा. झिगमुंटची घंटा १५२० मध्ये ओतलेली, सगळ्या सरंजामासकट साडेबारा टनांच्या आसपास, वाजवायला साधारण बारा माणसं लागतात आणि ती फक्त मोठ्या सणांना आणि राष्ट्राच्या मोठ्या प्रसंगांना वाजते. नाही, आपल्याला वाजवता येत नाही, देवळातल्यासारखं जाता जाता टण्ण करायची ही घंटा नाही. लोलकाला मात्र हात लावता येतो, पोलिश भाषेत त्याला घंटेचं हृदय म्हणतात, हात लावून इच्छा मागायची पद्धत आहे. वर जायला लाकडी जिना, अरुंद, तुळयांच्या मधून वाकून जावं लागतं. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी आम्हाला आदल्या दिवशीच सांगा, लाजू नका, आमच्यापैकी एक जण खाली तुमच्याबरोबर थांबतो, तेवढ्यासाठीच आम्ही नवरा-बायको दोघं येतो. उंच लोकांनी डोकं सांभाळा. दर महिन्याला एक तरी टेंगूळ होतंच.

थडग्यांचं तळघर आम्ही मुद्दाम शेवटी ठेवतो आणि त्यावरूनही वाद होतो. कारण असं की एकदा खाली उतरलात की वाट थेट बाहेर निघते, परत आत येता येत नाही. "आधी खाली जाऊन येतो" म्हणून कोणी सुटलं की त्यांचं वरचं सगळं राहिलं, तेव्हा ग्रुप सोडू नका. खाली सेंट लिओनार्डचं तळघर बाकी इमारतीपेक्षा कितीतरी जुनं आहे, तिथे यान सोबिएस्की आहे. तारखा लक्षात राहाव्यात म्हणून सांगतो, महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच १६७४ साली सोबिएस्की राजा म्हणून निवडून आला, आणि १६८३ मध्ये याने व्हिएन्नाला पडलेला तुर्कांचा वेढा मोडला. हे सांगितलं की ग्रुपमधले इतिहासवाले काका एकदम जवळ येतात. त्याच तळघरात १९४६ साली कारोल वोयतिवा नावाच्या तरुण पाद्रीने आपली पहिली मास, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, म्हटली, तो पुढे पोप जॉन पॉल दुसरा झाला.

आता चक्राचा प्रश्न. शंकराने सात दगड फेकले, त्यातला एक वावेलवर पडला आणि तिथे ऊर्जा आहे, हे तुम्ही व्हिडिओत बघितलेलं असतं. ती जागा राजवाड्याच्या चौकाच्या कोपऱ्यात आहे, कॅथेड्रलमध्ये नाही. म्युझियमवाल्यांना ही भानगड अजिबात आवडत नाही, लोक भिंतीला पाठ लावून लावून भिंत काळी करायचे. आपल्या पुराणात ही गोष्ट मला तरी सापडली नाही. टूर संपल्यावर लांबून दाखवतो, पाच मिनिटं, ध्यानाला बसायचं असेल तर तुमच्या वेळेत. आणि दा विंचीचं ते मुंगसासारखा प्राणी धरलेल्या बाईचं चित्र वावेलवर नाही, मध्यंतरी काही वर्षं होतं, आता गावात चार्तोरिस्की म्युझियममध्ये आहे.

कोल्हापूरहून येणारे वळिवड्याचं विचारतात. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४३ ते ४८ तिथे, पंचगंगेकाठी, पाचेक हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका-मुलं. कॅथेड्रलचा त्याच्याशी संबंध नाही, पण गप्पांत कोल्हापूरचं नाव काढून बघा, एखादा म्हातारा पोलिश माणूस थांबून हात हातात घेतो, आमच्या बाबतीत दोनदा झालंय. आमचं घर तिकडचंच, त्यामुळे हा विषय निघाला की टूर पंधरा मिनिटं लांबते, त्याचे जास्तीचे पैसे घेत नाही.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनी आत टोपी काढायची, मोठी सॅक हॉटेलवर ठेवा. जूनमध्येही तळघरात गार असतं, पातळ स्वेटर घ्या. पाच मिनिटं थांबतो, दहा नाही, आणि उशीर झाला तर थेट कॅथेड्रलच्या दारापाशी या, पुतळ्यापाशी नको, तोपर्यंत आम्ही तिथून निघालेलो असतो. तिकीट चुकून काढलंच असेल तर आज रात्रीच मेसेज करा, त्यावरची वेळ बघून टूर पुढेमागे करता येते का बघतो. सकाळी सांगितलंत तर नाही जमत.